मी ‘घट्ट’ म्हणालो होतो

दादा,

काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकली, पाहुणे दुपारच्या बसनं गेले, अंगणातला मांडवही सोडला. इब्रामपूरच्या घरात आता वहिनी आणि मी दोघंच आहोत. मी अजून पेडण्याला गेलेलो नाही. मामलेदार ऑफिसला आणखी दोन दिवसांची रजा टाकली आहे, कारण तुला हे सगळं सांगून झाल्याशिवाय मला टेबलाशी बसून लोकांचे अर्ज तपासता येणार नाहीत.

मी कशाकशाला भितो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कुत्र्याला, विहिरीच्या काठाला, साहेबांच्या बेलला, वादळात डोलणाऱ्या माडाला. तू मला सगळ्यांसमोर ‘भागूबाई’ म्हणायचास आणि मीही हसून घ्यायचो. पण गेले तेरा दिवस मी ज्याला भ्यालो ते यातलं काहीच नव्हतं. मी शेडमध्ये उभ्या असलेल्या तुझ्या पिकअपच्या ब्रेकच्या पॅडलला भीत होतो. त्यावर पाय ठेवून एकदा दाबलं असतं तर मला कळलं असतं, की तू तुझ्या मरणानं गेलास की मी तुला मारलं. म्हणून मी दाबलं नाही. आंघोळीला विहिरीवर जाताना शेड लागते, तर मी घराला वळसा घालून मागच्या बाजूनं जात होतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

ही गाडी तू घरी आणलीस तेव्हाच मी म्हणालो होतो, ‘दादा, दुसरी कुठलीही आण, ही नको.’ तुला वाटलं मी गंजाबद्दल बोलतो आहे. गंज तर होताच. बाबा डिचोलीच्या ज्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते त्यांच्या काजूच्या बागेत, शिरगावला, ती कित्येक वर्षं पडून होती. तू खाणीवर ट्रक चालवायचास तेव्हा येता-जाता तुला ती दिसायची. खाणी बंद पडल्या, तू घरी बसलास, आणि एक दिवस दुसऱ्याच्या ट्रकवर घालून तिला घेऊन आलास. गोल डोळ्यांचे दिवे, फुगीर नाक, मागचा हौदा सडून गेलेला. बाबा व्यापाऱ्याकडे हीच चालवायचे, आणि ट्रकचा पोर्तुगीज शब्द म्हणून तिला शेवटपर्यंत ‘कामियांव’ म्हणायचे. पोदेर पाव-उंडे घेऊन आला तो सायकल टेकवून बघतच राहिला, म्हणाला, ‘हिच्यात उंडे घालून विकलंय तर माझो धंदो दुप्पट जातलो.’ वहिनी मात्र जनेलाच्या गजांतून बघून म्हणाल्या, ‘मी हिच्यात पाय ठेवचंय नाय. मेल्यावर माणसाक व्हरूक आणल्यासारखी दिसता.’

मी हसलो नाही. त्या गाडीला मी सहा वर्षांचा असल्यापासून भीत होतो. तुला आठवत असेलच. शिरगावला मामाच्या घरासमोर उतार होता. बाबा गाडी थांबवून आत पाणी प्यायला गेले. हँडब्रेक कमजोर म्हणून चाकाखाली चिरा लावणं हे तुझं काम, आणि तू चिरा शोधायला कुंपणाकडे गेला होतास. मी सीटवर बसून हँडब्रेकच्या दांडीशी खेळत होतो. कट् असा आवाज झाला आणि झाडं मागे सरकायला लागली. मला ओरडताही आलं नाही. तू धावत आलास, चाकाखाली चिरा कोंबलास, गाडी थांबली आणि तुझी करंगळी चिऱ्याखाली राहिली. बाबांनी विचारलं, ‘दांडयेक हात कोणी लायलो?’ मी म्हणालो, ‘मी नाय.’ तू रक्त गळणारा हात मागे लपवून म्हणालास, ‘माझीच चूक. चिरो वेळार लावलंय नाय.’ वर थप्पडही तूच खाल्लीस. त्यावर आपण दोघं नंतर एकदाही बोललो नाही. तुझी करंगळी वाकडी ती वाकडीच राहिली, आणि पाना धरताना ती बाहेर निघायची तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

तरीही मी दर रविवारी येत राहिलो. पेडण्याहून पहिली बस, हातात वहिनींसाठी काहीतरी, आणि दिवसभर तुझ्या गाडीजवळ. तू एकेक भाग सुटा करायचास आणि मी त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचो. ‘पुढचे डावे चाक, आतील बाजू, वरून दुसरा.’ माझं सरकारी अक्षर बघून तू म्हणायचास, ‘मेल्या, ह्या बोल्टाक इनवर्ड नंबर घालूक विसारलस.’ पण पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा माझ्या चिठ्ठ्यांशिवाय तुझं पान हललं नाही, हे आज तरी कबूल कर. वहिनींची मासे तळायची कढई तू गंजके नट रॉकेलमध्ये भिजत घालायला पळवलीस तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता आणि निरोप्या मी होतो. बॉनेटखाली कोंबडी अंड्यावर बसली तेव्हा तू इंजिनाला हात लावला नाहीस. तीन आठवडे काम बंद. मी विचारलं तर म्हणालास, ‘तिचो ताबो आसा. तुझ्या ऑफिसात विचारून बघ, कूळ काढूक येता काय.’

तू हौद्याला किंदळीच्या लाकडाच्या फळ्या बसवल्यास. रंगाचे थर खरवडले तेव्हा लाल धुळीखाली हिरवा, हिरव्याखाली निळा निघाला, आणि तो निळा बघून तू खरवडायचं थांबलास, कारण बाबांच्या वेळचा रंग तोच होता. इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी तू अंगणात नाचलास. मी टाळ्या वाजवल्या आणि एक पाऊल मागेही सरकलो. तू ते पाहिलंस.

मग तुझा हट्ट सुरू झाला. ‘ह्या लईराईच्या जत्रेक शिरगावाक हिच्यातून जायचा. आणि चालवतलस तू.’ मी म्हणालो, वेडा झालास का, पन्नाशी उलटली माझी, सायकलसुद्धा उतारावर मी हातात धरून उतरतो. तू म्हणालास, ‘म्हणानच.’ शिरगावच्या होमखणात तू देवीचं व्रत धरून, धोंड म्हणून निखाऱ्यांवरून कितीदा गेलास आणि मी बाहेर तुझा सदरा धरून डोळे मिटून उभा राहिलो. तुला वाटायचं, भीती ही अशीच, चार पावलं टाकली की पलीकडे. मला कधीच तसं वाटलं नाही. आपला हा वाद महिनाभर चालला होता, आणि तो तसाच राहिला.

तू जायच्या आधीच्या रविवारी ब्रेकचं काम होतं. ते मी इथे नीट लिहितो, कारण तेरा दिवस मी दुसरं काही आठवलेलंच नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एक वर सीटवर, एक खाली चाकाशी. खालच्यानं म्हणायचं, ‘मार’, की वरच्यानं पॅडल चार-पाचदा दाबायचं. मग ‘धर’, की पाय दाबून धरायचा. मग खालचा चाकाजवळचा निपल सैल करतो, हवा आणि तेल फुसकन बाहेर येतं, आणि वरच्याच्या पायाखालचं पॅडल खाली जातं. खालच्यानं निपल आवळला की तो म्हणतो ‘सोड’, तेव्हाच पाय काढायचा. त्याआधी पाय काढला तर बाहेर काढलेली हवा नळी पुन्हा आत ओढून घेते. हे तू मला समजावून सांगितलंस, मी कागदावर लिहूनही घेतलं.

मला वर बसवलंस. पहिल्या चाकाला तू निपल सैल केलास आणि पॅडल एकदम पायाखालून खाली गेलं. माझा जीवही त्याच्याबरोबर खाली गेला. मी किंचाळलो. तू खालून हसलास, पण चिडवलं नाहीस. म्हणालास, ‘बरा, सोडण्याआदी सांगतंय. सोडलंय असा म्हणतंय, मगे पाय खाली जातलो, भियाव नको.’ माझ्या भीतीसाठी तू तो एक शब्द वाढवलास. कुठल्याही मेस्त्रीला तो लागत नाही. तीन चाकं झाली. ‘मार, मार, धर, सोडलंय... सोड.’ मला जमायला लागलं होतं. मनात म्हटलं, बघ, तू म्हणतोस तितका मी वाया गेलेला नाही.

शेवटचं चाक मागचं, भिंतीकडचं. तिथे उजेड नव्हता म्हणून तू टॉर्च दातांत धरलीस. तू म्हणालास ‘सोडलंय’, आणि टॉर्चमुळे मला ऐकू आलं ‘सोड’. मी पाय काढला. त्याच क्षणी मला कळलं, कारण पॅडल खाली जायच्या ऐवजी माझ्या पायामागून वर आलं होतं. तू चाकाखाली निपल आवळत होतास. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता तू ओरडशील. परत तेल घाला, परत चारही चाकं, तू पाठ धरून उठशील, आणि म्हणशील, बाळा, तुझ्याच्यान एक काम सरळ होत नाही. एवढ्यासाठी दादा. एवढ्याशा ओरड्याच्या भीतीपायी.

तू खालून विचारलंस, ‘कसा लागता रे पॅडल?’

मी दाबून बघितलं. पिकल्या बरक्या फणसात पाय जावा तसं ते गेलं. आणि मी म्हणालो, ‘घट्ट.’

‘नक्की?’

‘नक्की. घट्ट लागता.’

तू बाहेर आलास, हात पुसलेस, माझ्या पाठीवर थाप मारलीस. तुझ्या हाताचा तेलाचा डाग त्या शर्टावर अजून आहे. संध्याकाळी बसपर्यंत पोचवायला आलास आणि जत्रेचा विषय पुन्हा काढलास. माझ्या मनात तो ‘घट्ट’ खदखदत होता. त्याचा राग मी तुझ्यावर काढला. म्हणालो, ‘माझ्याच्यान होवचा नाय. परत परत सांगा नको.’ बस सुटली तेव्हा मी मागे वळून बघितलं नाही. मी तुला शेवटचं पाहिलं ते असं, म्हणजे पाहिलंच नाही.

सोमवारी फोन करीन म्हटलं. मंगळवारी म्हटलं, तो गाडी बाहेर काढण्याआधी स्वतः दाबून बघेलच की, एवढा जुना ड्रायव्हर. बुधवारी म्हटलं, रविवारी जाऊन तोंडानंच सांगू. गुरुवारी सकाळी आठ वाजता पोदेराचा फोन आला.

तू गाडी काढली होतीस. एकटाच. घराचा उतार उतरून खाली रस्त्याला वळण आहे, तिथे कुणीतरी घर बांधायला चिरे रचून ठेवले आहेत. गाडीचं नाक त्या चिऱ्यांना लागलेलं, वरचे दोन चिरे खाली पडलेले, इंजिन बंद, आणि तू स्टिअरिंगवर कपाळ टेकून. पोदेराला वाटलं काहीतरी शोधतो आहेस. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काळजाचा झटका. आणि अंगणात जमलेल्यांत मागे कुणीतरी म्हणालं, ‘ब्रेक गेले आसतले. जुनी गाडी. ब्रेक गेले काय माणूस भियानच मरता.’

भियानं मरतं. दादा, तू कधी कशाला भ्याला नाहीस, आणि माझ्या एका शब्दामुळे मरताना तुला भीती वाटली असेल, हे मला सहन होईना. तुझा पाय खाली गेला असेल, आणि खाली जातच राहिला असेल. तुला तेव्हा माझा आवाज आठवला असेल का? मी तुला खांदा दिला तेव्हा वाटेत दोनदा अडखळलो. लोक म्हणाले, धाकट्याला फार लागलं. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी वर ओढून आणली आणि शेडमध्ये चाकाखाली चिरा लावून ठेवली. मग दिवस मोजत बसलो. दहाव्याला सगळे म्हणाले, आता कावळा ताटकळत ठेवणार, माणूस एकाएकी गेला, इच्छा राहिल्या असतील. मीही मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा शिवला नाही तर मी पाण्याजवळ जाऊन हळूच कबूल करणार होतो. आणि पान ठेवल्या ठेवल्या कावळा आला, शिवला, उडूनही गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी आणखी घाबरलो. मला वाटलं, तुला माझ्याकडून ऐकायचंसुद्धा नाही.

त्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, ‘तेरावो झालो काय डिचोलीसून बाबुसो येतलो. गाडी तपासून बघतलो म्हणता. बघूंदे, लोकांची तोंडां तरी बंद जातली.’ बाबुसो मेस्त्री, खाणीवरचा तुझा जोडीदार. तो पॅडल दाबील, मागच्या चाकाचा निपल उघडील, हवा फुसकन बाहेर येईल आणि तो विचारील, ‘हवा कोणी काढली?’ एकदा वाटलं, तो येण्याआधी निघून जावं. बॅगही भरली होती. मग आठवलं, तू करंगळी मागे लपवून बाबांसमोर उभा होतास तेव्हा तू दहा वर्षांचा होतास.

काल दुपारी शेवटचे पाहुणे गेले. वहिनी मागच्या पायरीवर बसून भांडी पुसत होत्या. मी जाऊन समोर उभा राहिलो आणि बसलो नाही. म्हणालो, ‘वैनी, तुमका एक सांगाचा आसा.’ आणि सांगितलं. टॉर्च, ‘सोडलंय’, पाय, पॅडल, ‘घट्ट’. कसंबसं, मागचं पुढे. सांगताना मी त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघत होतो. पुसणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘तुमका काय वाटता, तेंका कळाक नाय?’

मी तांब्यावरून नजर वर केली.

‘सोमवारी सकाळी तेंनी पॅडल दाबून बघल्यानी. तळाक गेला. हसले. म्हणाले, आमचो भागूबाई काय तरी लपवन गेलो. काल बशीकडे तो माझ्यार तापलो तेव्हाच माका कळला.’

तू हसलास. मी तीन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो, आणि तू हसला होतास.

‘मगे माका म्हणाले, गो, आज तू बस वर. मी म्हटलंय, मी हिच्यात पाय ठेवचंय नाय, सांगलेला आसा. म्हणाले, पायच ठेवूचो आसा, दुसरा काय नाय.’ हे सांगताना वहिनी हसल्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा. ‘आणि म्हणाले, आज तोंडान कोणी काय बोलूचा नाय. तोंडान घोळ जाता. मी पान्यान ठोकतंय. एक ठोको मारलंय काय दाबून धर. दोन मारलंय काय सोड. दोन ठोके आयकल्याबिगर पाय काढू नको, आकाश पडला तरी.’

चारही चाकं तू पुन्हा केलीस. सकाळी सुरू केलंत आणि जेवणवेळ होऊन गेली. वहिनी वर, तू खाली. त्या म्हणाल्या, लग्नाला तीस वर्षं झाली पण अशी दोघंच एका कामाला कधी बसलो नव्हतो, तू नेहमी ट्रकवर. मध्येच तू उगाच तीन ठोके मारलेस. त्यांनी विचारलं, तीनचा अर्थ काय, तर खालून म्हणालास, ‘तीन म्हणजे चाय.’ आणि काम झाल्यावर हात पुसत बजावलंस, ‘बाळाक सांगा नको. तो परत गाडयेक हात लावचो नाय, आणि माका जत्रेक त्याच्या बाजूक बसान जावचा आसा.’

मी पायरीवर बसलो. ज्या गोष्टीची भीती सगळ्यांत शेवटी आली होती ती विचारली. ‘वैनी, तेंचा काळीज आधीच थकलेला आसतला. उकाड्यात परत चार तास गाडयेखाली. ता माझ्यामुळेच मा?’

त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. तुझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, आपल्या घरात ते काम माझंच. त्या म्हणाल्या, ‘ता माका ठावक नाय, भावजी. ता कोणाकच ठावक नाय. पण तुमची चूक झाली म्हणान माका ती सकाळ गावली. ती मी कोणाक परत दिवचंय नाय.’

मग तांब्या पालथा घालून उठल्या आणि म्हणाल्या, ‘चला. बाबुसोच्या आदी तुमीच बघा.’

दादा, शेड अंगणापासून वीस पावलांवर आहे. मला ती वीस पावलं किती लांब वाटली ते तुला सांगून कळणार नाही, तू निखाऱ्यांवरून चाललेला माणूस. मी दाराची कडी दोनदा चुकवली. सीटवर बसलो. तुझ्या घामाचा आणि ऑइलचा वास होता. आरशाला तू माझ्या चिठ्ठ्यांसारखीच एक चिठ्ठी अडकवून ठेवली आहेस, ‘आरसा. बाळाच्या उंचीला लावणे.’ अक्षर माझं नाही, तुझं आहे, माझ्यासारखं काढायचा प्रयत्न केलेलं. मी तिला हात लावला नाही.

वहिनी चाकाशी उभ्या होत्या. मी डोळे मिटले आणि पाय ठेवला. दाबला.

पॅडल दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. मी सगळं अंग टाकलं तरी हललं नाही. अंगणातल्या चिऱ्यावर उभा राहिल्यासारखा माझा पाय त्याच्यावर उभा होता. घट्ट. खरोखरच घट्ट. त्या गुरुवारी चिऱ्यांच्या राशीपाशी तुझा पाय खाली गेला नव्हता. तू ब्रेक मारलास आणि गाडी थांबली, वरचे दोन चिरे पडण्यापुरती नुसती टेकली. तुझ्या शेवटच्या क्षणी माझा शब्द तुझ्या पायाखाली नव्हता, तुझंच काम होतं.

मी रडलो की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं की मला पाय काढता येईना. पोटरीत गोळा आला होता, पण काढायची भीती वाटत होती. काढला तर तू दुसऱ्यांदा जाशील असं काहीतरी मूर्खासारखं वाटत होतं. खाली कुणी नव्हतं. ‘सोड’ म्हणणारं कुणी नव्हतं. वहिनींनी हाक मारली, ‘भावजी?’ मी पाय दाबून तसाच बसलो.

मग मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. त्यांनी फळीवरचा तुझा पाना उचलला, मागच्या, भिंतीकडच्या चाकाशी खाली बसल्या, आणि लोखंडावर ठोकलं.

एक.

मी पाय दाबूनच धरला.

दोन.

दादा, या वेळी मी नीट ऐकलं, आणि मगच पाय काढला.